कॅन्ससच्या मधोमध, ज्वारीच्या वाटेने

गुरुवार

कॅन्सस सिटीहून डेनव्हरकडे जाणारी माणसं आय-७० हा महामार्ग धरतात, गाडी दामटतात आणि पोचल्यावर सांगतात, की वाटेत बघण्यासारखं काही नाही. दादाही त्यांतलाच. ओव्हरलँड पार्क या कॅन्सस सिटीच्या उपनगरात राहून त्याचे केस पांढरे झाले, पण उत्तरेकडच्या ३६ नंबरच्या रस्त्याने तो कधी गेला नव्हता. "अगं, तिकडे चिटपाखरूही नसतं," म्हणाला. तेच तर बघायचंय, म्हटलं. सप्टेंबर संपत आला होता, हवा छान होती आणि त्याच्या सुट्ट्या वाया जाणार होत्या. निघालो.

हा रस्ता नेब्रास्काची हद्द उजव्या हाताला ठेवून पश्चिमेकडे जातो. गाव येण्याच्या बऱ्याच आधी दिसतात ती धान्याची कोठारं. पांढऱ्या सिमेंटच्या उंच नळकांड्यांची रांग, पाच-सहा मैलांवरूनही नजरेत भरते. इथे त्यांना एलिव्हेटर म्हणतात. मग गावाचं नाव रंगवलेली पाण्याची टाकी, मग झाडांचा पुंजका. वेग कमी करायची पाटी येते, एक पेट्रोल पंप, एक बँक, एक चर्च, दुसरं चर्च, आणि पुन्हा वेग वाढवायची पाटी.

गावं साधारण आठ-दहा मैलांवर एकेक आहेत. ती रेल्वेने वसवली, आणि अंतर ठरलं ते घोडागाडीवरून. शेतकऱ्याने पहाटे गहू भरून निघावं, स्टेशनावर घालावा आणि दिवेलागणीला घरी परतावं, एवढ्या टप्प्यावर एक स्टेशन हवं. ती घोडागाडी गेली त्याला जमाना झाला. आता तेच अंतर गाडीने आठ-दहा मिनिटांत कापलं जातं, त्यामुळे तीन गावांपैकी दोन गावांना तसं कामच उरलेलं नाही. हे मला पहिल्या दिवशी नुसतं डोक्याने कळलं होतं.

मेरिसव्हिलमध्ये थांबलो. घोड्यावरून टपाल नेणाऱ्या पोनी एक्सप्रेसचा दगडी तबेला इथे जपून ठेवलाय. ती सेवा १८६० ते १८६१ अशी जेमतेम दीड वर्ष चालली, मग तारायंत्र आलं. दीड वर्षाच्या उद्योगाची एवढी आठवण ठेवणारा देश बघून मला गंमत वाटते. गावात खारी मात्र खरोखरच काळ्याकुट्ट आहेत.

पुढच्या एका गावात मेन स्ट्रीटवर गाडी लावली. रस्ता एवढा रुंद, की दोन्ही बाजूंना गाड्या तिरक्या लावूनही मधून ट्रक वळेल. पण गाड्या चारच. आम्ही दुकानांच्या काचांतून आत डोकावत चाललो होतो आणि एकदम भोंगा वाजला. युद्धाचा इशारा वाटावा असा, पोटात गोळा आणणारा. दादाने माझा दंड धरला. समोरून येणाऱ्या म्हाताऱ्या बाई आमच्याकडे बघून हसल्या. "बारा वाजले," एवढंच म्हणाल्या. वादळाच्या इशाऱ्याचा भोंगा रोज दुपारी बाराला तपासून घेतात म्हणे, आणि गाव त्यावर घड्याळ लावतं. सोलापूरच्या गिरणीचा भोंगा ऐकत मोठी झालेली माणसं आम्ही. दादा पुढे बराच वेळ गप्प होता.

तिथल्या संग्रहालयाला कुलूप होतं. दारावर कागद: बघायचं असेल तर या नंबरावर फोन करा. केला. एक बाई दहा मिनिटांत आल्या, दिवे लावले, सगळं दाखवलं आणि तीन वाजायच्या आत निघाल्या, कारण शाळेची बसही त्याच चालवतात.

संध्याकाळी ज्युएल काउंटी, म्हणजे आपल्याकडचा जिल्हा, ओलांडून स्मिथ सेंटरला मुक्काम. ज्युएल काउंटीत १९०० साली एकोणीस हजारांवर माणसं होती. २०२० च्या जनगणनेत तीन हजारही भरली नाहीत. स्मिथ काउंटीचं तसंच, सोळा हजारांवरून साडेतीन हजारांवर.

मोटेलच्या काउंटरवर गुजराती गृहस्थ निघाले. मला आश्चर्य वाटलं, दादाला अजिबात नाही. "काका, इधर अकेला नहीं लगता?" मी विचारलं. म्हणाले, अकेलेपन के लिए टाइम किसके पास है? सकाळी नाश्ता, दुपारी चादरी, संध्याकाळी हिशेब, आणि रात्री गावातल्या कुणाचा तरी नळ फुटला की यांच्याकडेच पाना मागायला येतात. मसाल्यांसाठी विचिटाला जातात.

शुक्रवार

सकाळी लेबनन. अलास्का आणि हवाई सोडून उरलेल्या ४८ राज्यांचा भौगोलिक मध्य या गावाजवळ आहे. १९१८ मध्ये तो काढला कसा, तर देशाच्या आकाराचा पुठ्ठा कापला आणि तो कुठल्या बिंदूवर तोलला जातो ते पाहिलं. एवढं साधं. तो नेमका बिंदू एका शेतकऱ्याच्या जमिनीत पडला आणि त्याला पर्यटकांची गर्दी नको होती, म्हणून दगडी स्मारक अर्ध्या मैलावर बांधलं. गर्दी पुढे फारशी आलीच नाही. शेजारी मोटेल काढलं होतं, तेही चाललं नाही. १९५९ ला अलास्का आणि हवाई राज्यं झाली आणि साऱ्या देशाचा मध्य उचलून साउथ डाकोटात गेला.

स्मारकाजवळ सात-आठ माणसं जेमतेम मावतील असं पांढरं प्रार्थनाघर आहे. २०२१ मध्ये एका मोटारीच्या जाहिरातीत ते साऱ्या अमेरिकेने पाहिलं. आत अभिप्रायाची वही. आमच्या आधीची नोंद दोन दिवसांपूर्वीची.

गावाची वस्ती २०२० साली १७८. मेन स्ट्रीटवर दोन इमारतींच्या मध्ये रिकाम्या जागा आहेत, नीट गवत कापलेल्या. हे गवत कोण कापतं हा प्रश्न मला दिवसभर पडला होता. शाळा बंद. कॅन्ससने १९६३ मध्ये कायदा करून शाळा चालवणारे छोटे विभाग एकत्र करायला घेतले, तेव्हापासून अशी कितीतरी गावं शाळेविना झाली. पोस्ट मात्र आहे.

शांतता म्हणून जी म्हणतात ती इथे उभं राहून ऐकली, तर तिच्यात बरंच काही असतं. झेंड्याची दोरी खांबावर टकटक आपटते. कुठेतरी एक ट्रक गिअर बदलतो. आणि या सगळ्याखाली एक घुंईऽऽ असा अखंड आवाज. दादाला वाटलं विजेच्या तारा. आवाजाच्या मागाने गेलो तर एलिव्हेटर. कोठारातलं धान्य वाळवणारे पंखे दिवसरात्र चालू होते.

आणि धान्य कुठलं? ज्वारी!

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कालपासून जी तांबूस शेतं दिसत होती, ती मी बिनडोकपणे गवताची धरली होती. कारण आमच्या मंगळवेढ्याकडची मालदांडी माणसापेक्षा उंच होते, आणि ही कमरेएवढी. यंत्राने कापता यावी म्हणून बुटकी केलेली, सगळी कणसं एका पातळीवर, फुटपट्टी लावल्यासारखी. इथे तिला माइलो म्हणतात. अमेरिकेत ज्वारीच्या उत्पादनात कॅन्ससचा पहिला नंबर लागतो.

वजनकाट्यावर ट्रक उभा होता. वरून एक लांब नळी खाली आली, धान्यात घुसली, मूठभर नमुना ओढून ऑफिसात घेऊन गेली. आतल्या तरुण मुलीने तो यंत्रात घातला, ओलावा वाचला, चिठ्ठी दिली. ट्रक पुढे जाऊन जाळीवर रिकामा झाला. सगळं मिळून पाच-सहा मिनिटं, माणसं दोन. मी खिडकीशी जाऊन विचारलं, हातात घेऊन बघू का? तिने ओंजळभर दिली. लालसर तपकिरी दाणे, मालदांडीपेक्षा बारीक, मोतिया चमक नाही. पण वास तोच, कणगीत डोकं घातल्यावर येतो तो.

"आम्ही हिची भाकरी करतो," दादा तिला म्हणाला, आणि हाताने थापून दाखवली. ती मनापासून हसली. त्यांच्याकडे ही गुरं खातात, हिचं इथेनॉल होतं, आणि बरीचशी जहाजाने चीनला जाते. खाऊन बघितली का कधी? नाही, कधीच नाही. ट्रकवाला आजोबाही काठावर रेलून ऐकत होता. त्याने विचारलं, तुमच्याकडे एका माणसाकडे किती जमीन? दादा म्हणाला, आमची सगळ्या भावकीत मिळून अकरा एकर. आजोबाने टोपी मागे सारली. तो आणि त्याचा मुलगा, दोघं मिळून चार हजार एकर कसतात.

तिथे मला ही गावं रिकामी का झाली, हे कालचं कोडं उलगडलं. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने इथे कुटुंबाला १६० एकर मिळत होते, म्हणजे एका चौरस मैलात चार कुटुंबं. शाळा किती, चर्चं किती, किराणा दुकानं किती, ते त्या हिशेबाने बांधलं गेलं. आता चार हजार एकरांत, म्हणजे सहा चौरस मैलांच्या वर, एक कुटुंब. पीक जास्तच येतं. दुष्काळ नाही, आजार नाही, शेती बुडालेली नाही. उलट शेती इतकी नीट चालते, की तिला माणसं लागत नाहीत. ओसाड गाव म्हणजे हरलेलं गाव, ही आपली समजूत इथे चालत नाही. एलिव्हेटर ओसंडून वाहतोय आणि दोनशे पावलांवर दुकानांच्या काचा रंगवून बंद केल्यात.

दुपारी कॉकर सिटी. इथे जगातला सर्वांत मोठा सुतळीचा गोळा आहे, निदान गावाचा तसा दावा आहे. फ्रँक स्टोबर नावाच्या शेतकऱ्याने १९५३ मध्ये गवताच्या गठ्ठ्यांच्या सुतळ्यांचे तुकडे टाकून देण्याऐवजी गुंडाळायला सुरुवात केली. आमच्या आजीने जन्मभर हेच केलं, पण तिचा गोळा नारळापुढे गेला नाही. यांचा १९६१ मध्ये गावाला भेट म्हणून देण्याएवढा झाला, आणि स्टोबर गेल्यावरही गाव तो गुंडाळतच राहिलं. दर ऑगस्टला त्याची जत्रा भरते. आता वजन नऊ टनांच्या वर आहे. एका शेडखाली बसलेला असतो, वजनाने खालून जरा चपटलेला, आणि त्याला गोठ्याचा वास येतो. बाहेर पाटीवर फोन नंबर आहे. तो लावला की सुतळीचं रीळ घेऊन कुणीतरी येतं आणि तुमचाही तुकडा बांधून घेतं. आमची सुतळी दादाने बांधली, निरगाठ मारून.

गावाबाहेर वाकोंडा तलाव. इथे टेकाडाच्या माथ्यावर खारट पाण्याचा झरा होता, आसपासच्या आदिवासी जमातींचं पवित्र स्थान. पुढे गोऱ्यांनी तिथे आरोग्यधाम काढलं, बाटल्यांत भरून पाणी विकलं, आणि शेवटी १९६० च्या दशकात धरण बांधून झऱ्यासकट सगळं पाण्याखाली घातलं. धरणाखाली गेलेल्या देवळांच्या देशातून आलेल्या माणसाला यात नवल नाही, पण चीड तीच आली.

संध्याकाळी ऑस्बोर्न. शुक्रवार म्हणजे हायस्कूलचं अमेरिकन फुटबॉल. गावात शिरलो तेव्हा मेन स्ट्रीट इतका रिकामा, की मुक्काम बदलावा का असं दादा म्हणायला लागला. मग मैदानाचे दिवे दिसले. सगळं गाव तिथे! इथे अकरा नाही, आठ-आठ खेळाडूंचं फुटबॉल खेळतात, आणि मैदानही शंभर यार्डांऐवजी ऐंशीचं. अकरा मुलं भरायची कुठून? पण म्हणून कुणी शाळेचा संघ मोडत नाही. पलीकडच्या स्मिथ सेंटरने तर एकेकाळी सलग ७९ सामने जिंकले होते, २००९ मध्ये हरेपर्यंत.

तिकीट फाडणारे गणिताचे शिक्षक. खिडकीत चिली, म्हणजे मांसाचं तिखट कालवण, आणि त्याच्यासोबत दालचिनीचा गोड रोल, एकाच ताटात. हे काय भलतंच, असं वाटतं आणि दुसऱ्या घासाला पटतं. कुंपणाला नाक लावून ट्रक उभे होते. गोल झाला की सगळे एकदम हॉर्न वाजवायचे. खेळातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. शेजारच्या आजी प्रत्येक मुलाची माहिती देत होत्या: हा माझा नातू, तो बँकेतल्या अमक्याचा, त्या बारक्याचा पाय गेल्या वर्षी मोडला होता. समोरच्या संघातल्या दोघांचीही त्यांना तशीच माहिती होती. एवढी नजर आपल्यावर असलेली मला तरी सोसली नसती. शांत गावात राहायचं तर हा कर भरावा लागतो.

शनिवार

रस्त्यावर समोरून येणारा प्रत्येक जण स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून दाखवतो. ओळख लागत नाही. दादा आता तरबेज झालाय.

पश्चिमेला निकोडेमस. अमेरिकेतल्या यादवीनंतर १८७७ मध्ये केंटकीहून आलेल्या, गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी वसवलेलं गाव. पत्रकांत सुपीक भूमीची वर्णनं होती. १८७८ मध्ये आलेल्या विलियाना हिकमन यांची आठवण नोंदलेली आहे. त्यांनी विचारलं, गाव कुठाय, मला तर दिसत नाही. नवऱ्याने जमिनीतून निघणारे धुराचे लोट दाखवले. लोक जमिनीत खणलेल्या बिळांत राहत होते. त्या रडू लागल्या.

तरी गाव उभं राहिलं. दुकानं, हॉटेलं, वर्तमानपत्रं. इथल्या एडवर्ड मॅकेबना १८८२ मध्ये कॅन्ससने राज्याचा हिशेब-तपासनीस म्हणून निवडून दिलं. मग १८८८ मध्ये रेल्वे आली ती नदीच्या पलीकडून गेली, आणि व्यापारी चंबूगबाळं उचलून रुळांकडे सरकले. एका रेघेने गाव बसलं. आज पाच जुन्या इमारती आणि हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे रहिवासी. १९९६ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे, सरकारी गणवेशातला माणूस माहिती देतो. जुलैच्या शेवटच्या शनिवार-रविवारी मात्र देशभर पांगलेली घराणी इथे परततात, मिरवणूक निघते. कोकणातली चाकरमान्यांची गावं गणपतीत भरतात, त्यातलाच प्रकार.

आम्ही सोडून तिथे कुणी नव्हतं. इथे मला इतर गावांसारखं वाटलं नाही. लेबननमधली माणसं यंत्रांनी कमी केली. यांची कुणीतरी नकाशावर रेघ ओढून कमी केली.

परतताना १८ नंबरच्या रस्त्याने पूर्वेला. याच्या थोडं दक्षिणेला कोडेल आहे. १९१६, १९१७ आणि १९१८ या लागोपाठ तीन वर्षी, तिन्ही वेळा २० मे याच तारखेला तिथे चक्रीवादळ आलं. १९१९ च्या त्या रात्री गावाची काय अवस्था असेल! पॅराडाइजला चुनखडीच्या दगडांची बांधीव पाण्याची टाकी पाहिली, फोटो काढला, लुकसला मुक्कामी आलो.

रविवार

या भागात कुंपणाचे खांब दगडाचे आहेत. मैलोन्‌मैल. झाडं नव्हती म्हणून लोकांनी जमिनीखालचा चुनखडीचा थर काढला. खाणीतून ताजा निघालेला हा दगड मऊ असतो, उघड्यावर कठीण होतो. ओळीने भोकं पाडायची, त्यांत पाचरी ठोकायच्या, आणि खांब सरळ सुटतो. एका खांबाजवळ उतरून हात फिरवला. पिवळसर, मधून गंजाच्या रंगाचा पट्टा, आणि एका कडेला त्या भोकांचे अर्धे पन्हाळ अजून स्पष्ट. दीड-दोनशे किलोंचा एकेक. तारा कितीदा बदलल्या असतील, खांब तेच.

लुकसची वस्ती तीनशेच्या थोडी वर, आणि तऱ्हेवाईकपणात हे गाव मोठ्या शहराला हार जाणार नाही. यादवी युद्धातला सैनिक एस. पी. डिन्समूर याने १९०७ मध्ये, साठी उलटल्यावर, दगडाचे लांब ओंडके कापून त्यांचं लाकडी दिसणारं घर बांधलं आणि मग अंगणात ११३ टन सिमेंटची ईडनची बाग उभी केली. आदम, ईव्ह आणि साप आहेतच. पण मला भावला तो कामगार. त्याला क्रुसावर चढवलंय, आणि चढवणारे कोण? वकील, डॉक्टर, धर्मोपदेशक आणि बँकवाला. म्हाताऱ्याने ऐंशी ओलांडल्यावर विशीतल्या मुलीशी लग्न केलं, दोन मुलं झाली. १९३२ मध्ये वारला, तो आजही अंगणातल्या थडग्यात काचेच्या झाकणाखाली आहे. बघायला मिळतो. मी बघितला. नसता बघितला तरी चाललं असतं.

गावातलं सार्वजनिक शौचालयही कमोडच्या आकाराचं आहे, मागे टाकी, पुढे उघडलेलं झाकण. भिंतींवर फुटक्या बशा, खेळण्यातल्या गाड्या, बाटल्या, आरशांचे तुकडे असं जडावकाम, गावातल्या लोकांनी हौसेने केलेलं. पुण्या-मुंबईत इतकं स्वच्छ शौचालय मी बघितलेलं नाही.

चर्च सुटल्यावर अर्धा तास गावात वर्दळ होती, मग पुन्हा सामसूम. एका घरावर विक्रीची पाटी होती. दादाने चौकशी केली. ऐकून त्याचे डोळेच फिरले. त्या पैशांत पुण्यात गाडी लावायची जागा मिळाली असती, घर नाही. वर कॅन्सस सरकार २०११ पासून अशा काउंट्यांत राहायला येणाऱ्यांचं पंधरा हजार डॉलरपर्यंतचं शिक्षणकर्ज फेडतं, हे त्याने तिथल्या तिथे फोनवर शोधून काढलं. स्वतःचं कर्ज केव्हाच फिटलंय हे विसरून. मागे आवार, दोन अक्रोडाची झाडं. निवृत्त झाल्यावर काय हरकत आहे, म्हणायला लागला. वहिनीला फोन लावला आणि खुलवून खुलवून सगळं सांगितलं.

वहिनी शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "घराचं राहू द्या, आधी हॉस्पिटल किती लांब आहे ते विचारा."

रसेलला. पंचवीस-तीस मैल.

"आणि रात्री छातीत दुखायला लागलं तर ॲम्ब्युलन्स कोण चालवतं?"

हे दादाने घरमालकांना विचारलं. "मीच," ते म्हणाले. "म्हणून तर घर विकतोय. मुलीकडे सलायनाला चाललोय. माझ्या जागी अजून कुणी मिळालेलं नाही. तुम्हाला येते का चालवता?"